ऑपरेशनला पाच स्टार, वाट बघण्याला एक (शून्य देता येत नाही म्हणून)

आधीच सांगते, हॉस्पिटलचं नाव लिहिणार नाहीये. एक तर ग्वाल्हेर केवढंसं, त्यात इथल्या लश्कर भागातली मराठी घरं म्हणजे सगळी कुठून ना कुठून एकमेकांची नातेवाईक, आणि दुसरं म्हणजे उजवा गुडघा बदलून झालाय, डावा अजून तिथेच बदलायचाय. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, बाकीच्यांनी आपलं प्लॅन्ड ऑपरेशनला नंबर लावला की काय काय होतं म्हणून वाचा.

मी ६२ वर्षांची, बँकेतून रिटायर, ३४ वर्षं नोकरी, त्यातली निम्मी काउंटरवर. रिव्ह्यू बिव्ह्यू लिहायची सवय नाही पण सून म्हणाली आई, तुम्ही प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगत बसता, एकदा लिहूनच टाका. तर हे घ्या.

ऑपरेशनचं थोडक्यात उरकते कारण त्यात सांगण्यासारखं फार नाहीच, चांगलं झालं. फेब्रुवारीच्या शेवटी झालं, दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभी केली, पाचव्या दिवशी घरी. आता मे चालू आहे, गुडघा ११५ डिग्री वाकतो, घरात काठी लागत नाही, मांढरे की माताच्या देवळाच्या पायऱ्या मात्र अजून अर्ध्यावरूनच नमस्कार करून परत येते. सर्जनचा हात उत्तम. वॉर्डातल्या आयाबाई तर इतक्या मायेच्या की डिस्चार्जच्या दिवशी मलाच रडू आलं. कँटीनचा चहा म्हणजे गरम पाणी, घरून थर्मास न्या. बिल ठरल्याप्रमाणेच आलं, इम्प्लांटचे स्टिकर फाईलला लावून दिले, मी बँकवाली त्यामुळे एकेक ओळ तपासली. गुडघ्याच्या इम्प्लांटची किंमत सरकारने २०१७ च्या ऑगस्टमध्ये बांधून दिली, सर्रास वापरतात त्या कोबाल्ट क्रोमच्या गुडघ्याची तेव्हा ५४,७२० अधिक जीएसटी ठरवली होती, त्याआधी लाख दीड लाख सांगायचे. तर या सगळ्याला पाच स्टार, मनापासून.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

श्रावणात पहिल्यांदा दाखवलं तेव्हा डॉक्टर एक्सरे खिडकीकडे धरून म्हणाले, "हड्डी से हड्डी घिस रही है, आप जब बोलो कर देंगे." हे "आप जब बोलो" मी अगदी खरं धरलं. घरी येऊन कॅलेंडर काढलं, गणपती होऊ देत, पितृपक्ष नको, नवरात्र होऊ दे, दसऱ्यानंतरचा सोमवार. जसं काही माझ्याच हातात होतं. दसऱ्यानंतरचा सोमवार ते फेब्रुवारीचा शेवट, मोजा तुम्हीच.

पहिली तारीख माझ्यामुळेच हलली, त्याबद्दल तक्रार नाही. एचबीएवनसी ८.६ आलं. भूलवाल्या मॅडमनी समोर बसवून नीट सांगितलं की हा आकडा रक्तातल्या शुगरची मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवतो, शुगर इतकी असताना गुडघ्यात धातू बसवला तर इन्फेक्शनचा धोका वाढतो, आणि एकदा आत इन्फेक्शन झालं तर तो सांधा उघडून परत सगळं करावं लागतं. साडेसातच्या खाली आणा, मग करू. पटलं. घरी आले, भात सोडला, यांनी मला गजक दिसू नये म्हणून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली (ती मी स्टुलावर चढून बघू शकत नाही हे त्यांना माहिती होतं, हुशार माणूस), डिसेंबरात ७.३ आलं. ते दोन महिने मी अगदी खुशीत होते. दुखत होतंच, रात्री कूस बदलताना जीव जायचा, पण का थांबलोय हे माहिती होतं आणि करायला काहीतरी होतं. पुढे जे झालं ते समजायला हे लक्षात ठेवा.

दुसरी तारीख डिसेंबरच्या मधली. आदल्या संध्याकाळी भरती झाले, मुलगा पुण्याहून आला होता, धुक्यामुळे गोवा एक्सप्रेस सहा तास लेट, बिचारा स्टेशनवरून सरळ हॉस्पिटलात. रात्री बारापासून पाणीसुद्धा बंद. सकाळी सहाला आंघोळ, हिरवा गाऊन, हाताला सुई, आणि एका ज्युनिअर डॉक्टरने मार्करने उजव्या मांडीवर मोठा बाण काढला, पाय चुकू नये म्हणून. सातला तयार. आठ वाजले, दहा वाजले, बारा. मुलगा जाऊन विचारून येतो, "डॉक्टर साब ओटी में हैं." अडीच वाजता वॉर्डबॉय आला, "माताजी, आज नहीं होगा, कुछ खा लो." बस, एवढंच. नंतर कळलं की पहाटे हायवेवरचे दोन अपघात आले होते, हाडं मोडलेली तरुण पोरं. अहो, त्यांना आधी घ्यायलाच हवं, मी काय दगड आहे का? माझा गुडघा दहा वर्षं झिजतोय, अजून दहा दिवस झिजेल. पण हे सकाळी आठलाच सगळ्यांना माहिती होतं ना? मग ६२ वर्षांच्या शुगरच्या बाईला अडीच वाजेपर्यंत उपाशी, गाऊन घालून का बसवलं? कोणीतरी येऊन पाच मिनिटं पलंगाच्या कडेला टेकलं असतं तर मी स्वतःच म्हणाले असते, जा बाबा, त्या पोरांचं बघा.

तो बाण पाच दिवस घासला तरी जाईना. रोज आंघोळीला बसले की तो दिसायचा.

तिसरी तारीख १२ जानेवारी. त्या वेळी सकाळीच भरती व्हा म्हणाले होते. धुकं इतकं की रिक्षावाल्याला समोरचं दिसेना, शिंदे की छावणीपासून हळूहळू सरकत साडेसहाला पोचलो, मी, हे, मुलगा (परत रजा), आणि हॉस्पिटलात न्यायची पिशवी. गेटवर गार्ड म्हणाला, "डॉक्टर साब तो बाहर गए हैं, कॉन्फ्रेंस में." मला गार्डने सांगितलं. गार्डने! आत रिसेप्शनवरची मुलगी कॉम्प्युटरकडे बघत, "अरे, आपको फोन नहीं आया?"

नाही हो बाई, आला असता तर आले असते का.

आमच्या बँकेत एक पेंडिंग रजिस्टर असायचं. काम अडलं की तारीख, कारण, आणि कोणाकडे अडलंय त्याची सही. मॅनेजर रोज संध्याकाळी बघायचा. लोकांनी आम्हाला कमी शिव्या घातल्यात असं नाही, लंच टाइमवरून तर किती, पण ग्राहकाचं काम गार्डने नाकारलं असं ३४ वर्षांत झालं नाही. या हॉस्पिटलात कोट्यवधीची मशीनं आहेत, असं एक दोनशे पानी रजिस्टर नाहीये.

आता एक तारीख हलली की घरात काय काय हलतं ते ऐका, कारण हॉस्पिटलवाल्यांना वाटतं आंटी घरी जाऊन आरामच तर करणार आहेत. मुलाची रजा गेली, दोनदा, तिसऱ्यांदा मागताना त्याच्या साहेबाने विचारलं म्हणे "नक्की होणार आहे ना या वेळी?" पोळीवाल्या बाईला महिन्याभरासाठी दोन्ही वेळचं सांगून ठेवलं होतं, तिने त्यासाठी दुसरं घर सोडलं, आता तिला नको कसं म्हणणार, म्हणून मी ठणठणीत बसलेली आणि बाई पोळ्या करतेय. कमोडची खुर्ची महिना नऊशे रुपये भाड्याने आणली ती गॅलरीत पडून, यांनी त्याच्यावर टॉवेल वाळत घालायला सुरुवात केली. आणि पिशवी. दोन पुढून उघडणारे गाऊन, टॉवेल, स्टीलचा डबा, फाईल, जपमाळ, चार्जर. ती दाराशी भरून ठेवलेली. काढायची तर परत भरावी लागणार, ठेवायची तर येता जाता दिसणार. मला त्या पिशवीचा राग यायला लागला. हसू नका, खरंच सांगते, एके दिवशी काठीने ढकलली मी तिला.

आणि लोकांचे फोन! सगळे प्रेमानेच करतात, मला मान्य. "झालं का?" नाही झालं. "अगंबाई, का?" मग सगळं पहिल्यापासून. "अगं मग दिल्लीला का नाही जात?" "आमच्या नणंदेचं तर इंदूरला चार दिवसांत झालं." "देव बघतोय सगळं." संक्रांतीपर्यंत मी फोन उचलायचे बंद केले. हळदीकुंकवाला गेले नाही, सांगितलं पाय दुखतो, पाय दुखतच होता पण खरं कारण म्हणजे वीस बायकांना वीसदा सांगायची ताकद नव्हती. मेळा चालू होता, आमच्या ग्वाल्हेरचा मेळा १९०५ पासून भरतो, लहानपणापासून एक वर्ष चुकवला असेल तर शपथ, यंदा हे एकटेच जाऊन तो ताटाएवढा पापड घेऊन आले, मी म्हटलं ठेवा तिकडे. तो मऊ पडला, फेकला.

हे बारीक सारीक वाटेल वाचायला. मलाही वाटत होतं, म्हणून तर कोणाला सांगितलं नाही. पण हळूहळू असं व्हायला लागलं की रात्री अडीचला डोळा उघडायचा आणि मग लागायचाच नाही. बाहेर धुकं, कुत्री, हे घोरतायत. आणि डोक्यात हिशोब. मुलाची रजा, बाईचे पैसे, यांना पासष्टाव्या वर्षी कपडे वाळत घालायला लावते मी. दिवसभर काही करावंसं वाटेना. मालिका चालू असायची, समोर काय चाललंय विचाराल तर सांगता येणार नाही. एक दिवस भाजीत दोनदा मीठ घातलं, हे काही बोलले नाहीत, तसेच जेवले, त्यावरून मी तासभर रडले. आणि मग एका रात्री मनात आलं की उद्या सकाळी उठलेच नाही तर सगळ्यांची सुटका होईल. काही करायचं असं नव्हतं डोक्यात, पण आलं. आणि भीती वाटण्याऐवजी जरा हलकं वाटलं, त्याची मात्र सकाळी भीती वाटली.

मुलाला पुढे हे सांगितलं तेव्हा त्याने एक अभ्यास शोधून वाचून दाखवला. स्कॉटलंडात एडिनबराच्या डॉक्टरांचा, २०१९ चा. सांधा बदलायच्या आधी पेशंटकडून तब्येतीबद्दल एक फॉर्म भरून घेतात, चालणं, कामं, दुखणं, चिंता वगैरे, त्या उत्तरांवरून एक आकडा काढतात. १ म्हणजे ठणठणीत, ० म्हणजे मरण. आणि काही लोकांचा आकडा शून्याच्याही खाली जातो. खुब्यासाठी थांबलेल्यांत १९ टक्के, गुडघ्यासाठी थांबलेल्यांत १२ टक्के. मी म्हटलं म्हणजे मायनस बॅलन्स! इतकी वर्षं लोकांची मायनस खाती बघितली, आपलंही एक निघालं. विचित्र वाटेल पण त्या दिवशी मला बरं वाटलं. म्हणजे मी नाटकं करत नव्हते, आणि मी एकटी नव्हते.

पण मुलाला सांगेपर्यंत कशी पोचले ते राहिलंच. त्याचं श्रेय जातं घरी येणाऱ्या फिजिओथेरपीवाल्या मुलीला (तिला पाच स्टार, सहा असते तर सहा). ऑपरेशनच्या आधी मांडीचे स्नायू मजबूत करून ठेवले की नंतर लवकर चालता येतं म्हणून लावली होती, एका वेळचे चारशे. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, खाली दाबायची, दहा मोजायचे. मी मोजता मोजता सहावर थांबले आणि गप्पच बसले. तिने विचारलं, "आंटी, नींद आती है?" श्रावणापासून तोपर्यंत माझे ईसीजी, इको, छातीचा एक्सरे, दातांची तपासणी, लघवी, रक्ताच्या डझनभर टेस्ट झाल्या होत्या, फाईलमध्ये ३१ कागद, मी मोजलेत. झोप येते का हे पहिल्यांदा हिने विचारलं. आणि ती फिजिओ! मला रडू आवरेना. तिने काही उपदेश केला नाही, फोनवर १४४१६ सेव्ह करून दिला आणि म्हणाली की मन झालं की लावा, रात्री तीनला पण लागतो.

तर आता या १४४१६ चा रिव्ह्यू, कारण याच्याबद्दल आपल्या लोकांत कोणाला माहिती नसतं. याचं नाव टेलीमानस, केंद्र सरकारचं आहे, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं, फुकट आहे, चोवीस तास. मी दोन दिवस लावलाच नाही. आपल्या ग्वाल्हेरची पंचाईत तुम्हाला माहितीच आहे, इथे मानसिक आरोग्यशाळा आहे, त्यामुळे लहानपणापासून कोणी जरा वेगळं वागलं की "आरोग्यशाळेत सोडून येऊ का" हा विनोद. तो विनोद मी स्वतः शंभरदा केलाय. त्यामुळे तो नंबर दाबताना वाटत होतं की आता माझं नाव कुठेतरी लिहिलं जाणार. शेवटी रात्री पावणेतीनला, स्वयंपाकघरात, दार लावून. एका मुलीने उचलला, हिंदीत बोलली, मीही हिंदीतच सुरू केलं, पण रडायला लागल्यावर मी मराठीत गेले, ती थांबली, म्हणाली आप बोलिए, मैं समझ रही हूँ. अर्ध समजलं असेल तिला. चालेल. तिने काय केलं तर घाई नाही केली. जेवण, झोप, घरी कोण कोण, दुखणं किती, आणि मग सरळ विचारलं की मरण्याचा विचार येतो का, काही करून घेण्याचा येतो का. इतकं सरळ कोणी विचारेल असं वाटलं नव्हतं, आणि विचारल्यावर उलट सुटल्यासारखं झालं. मग म्हणाली की उद्या सकाळी घरातल्या एका माणसाला हे सांगायचं, आणि एकदा डॉक्टरला दाखवायचं. जिल्हा रुग्णालयांतही मनकक्ष असतो, तिथेही जाता येतं म्हणाली. दोन दिवसांनी परत फोन आला, सांगितलं का म्हणून. चार स्टार. एक कापला कारण पहिल्यांदा लागायला वेळ लागला आणि मधलं म्युझिक फार वाईट आहे.

सकाळी यांना सांगितलं. हे चहाचा कप घेऊन उभेच राहिले. मग म्हणाले, "मला वाटलं तू माझ्यावर चिडली आहेस." घ्या! महिनाभर एका घरात दोघं, आणि हे. मग संध्याकाळी पुण्याला मुलाला फोन.

मनाच्या डॉक्टरांकडे गेलो. शहाण्या माणसासारखा चेहरा करून बसले, पदर नीट घेऊन, जसं काही लोनचा इंटरव्ह्यू. त्यांनी एक कागद दिला, नऊ प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांत किती वेळा असं झालं, प्रत्येकाला शून्य ते तीन, एकूण २७. पाच मिनिटांत भरून झाला. माझे १६ आले. दहाच्या वर गेलं की लक्ष द्यायला पाहिजे म्हणाले. म्हणजे बघा, मशीन नाही, सुई नाही, पैसे नाहीत, एक कागद. तो माझ्या ३१ कागदांत बत्तिसावा का नव्हता? डॉक्टर म्हणाले की हे फक्त वाट बघण्यापुरतं नाही, आधीच मन खचलेलं असेल तर ऑपरेशननंतरचं दुखणंही जास्त जाणवतं, व्यायाम होत नाही, आणि उत्तम बसवलेला गुडघासुद्धा माणसाला "काही फरक नाही" वाटतो. गुडघा बदललेल्यांत पाचातला एक जण साधारण समाधानी नसतो म्हणे. त्यात सगळा दोष मनाचा नाही, पण हाही एक भाग.

छोटी गोळी सुरू केली. एक कामाची गोष्ट लिहून ठेवा, या गोळ्या चालू असतील तर भूलवाल्या डॉक्टरांना आणि सर्जनला सांगायचंच, लपवायचं नाही आणि आपल्या मनाने बंदही करायची नाही. दुखण्यावर ट्रॅमाडॉल म्हणून औषध देतात ते आणि मनाच्या काही गोळ्या एकत्र जमत नाहीत. मी सांगितलं, भूलवाल्या मॅडमनी शांतपणे लिहून घेतलं, दुखण्याचं औषध बदललं, संपलं. मला वाटलं होतं तोंडाकडे बघत बसतील.

पैशांचं, कारण विचाराल. माझी बँकेची ग्रुप पॉलिसी आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात लिहिलंय की इन्शुरन्सवाल्यांनी मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच धरायचं. पण माझ्या पॉलिसीत ओपीडीच नाही, त्यामुळे ते हजार बाराशे खिशातूनच. आणि कॅशलेसचा नियम २०२४ पासून असा आहे की मंजुरी एका तासात द्यायची. आमची दोन दिवसांनी आली, तीही मी स्वतः टीपीएला (इन्शुरन्स कंपनीतर्फे क्लेम बघणाऱ्यांना) त्यांच्याच नियमाची तारीख वाचून दाखवल्यावर. (रिटायर झालं तरी सवय जात नाही.)

चौथी तारीख फेब्रुवारीच्या सुरुवातीची, ती लघवीत इन्फेक्शन निघालं म्हणून हलली. पण गंमत बघा, या वेळी आदल्या दिवशी फोन आला. कोऑर्डिनेटर म्हणून एक नवीन मुलगी आली होती, तिने स्वतः केला, "आंटी, रिपोर्ट में इन्फेक्शन है, सात दिन दवा, फिर जाँच, फिर मैं ही फोन करूँगी." मी ठीक आहे म्हणून फोन ठेवला आणि पोहे करायला लागले. हे बघतच राहिले. म्हणाले, तारीख गेली ना? मी म्हटलं, गेली. मग? मग काय, सात दिवस औषध. त्या दिवशी मला स्वतःलाच कळलं की चार वेळा तारीख हलली पण मी खचले दोनच वेळा, आणि त्या दोन्ही वेळा मला काही सांगितलंच नव्हतं.

आमच्या नणंदेचा मुलगा इंग्लंडात असतो, त्याच्या शेजारचे आजोबा खुब्यासाठी वर्षभर थांबलेत. तिकडे तर यादीच भलीमोठी, २०२३ मध्ये इंग्लंडची वेटिंग लिस्ट सुमारे ७७ लाखांवर गेली होती, कोविडमध्ये सगळं थांबलं त्याचा मोठा वाटा. सगळीकडेच थांबलं होतं म्हणा, पहिल्या लाटेच्या १२ आठवड्यांत जगभरात २ कोटी ८४ लाख प्लॅन्ड ऑपरेशनं पुढे ढकलली किंवा रद्द झाली असतील असा अंदाज डॉक्टरांनीच काढला होता. भाचा म्हणतो मामी, तुम्ही नशीबवान, तुमचं सहा महिन्यांत झालं. असेल. पण तिकडे १८ आठवड्यांचा नियम तरी आहे. पाळत नाहीत हे मलाही कळतं, पण नियम आहे म्हणजे भांडायला काहीतरी हातात आहे. आमच्याकडे भांडायला जावं तर "आंटी जी, डॉक्टर साब ओटी में हैं."

हॉस्पिटलवाल्यांनी वाचलंच तर त्यांच्यासाठी. नवीन बिल्डिंग नको, लॉबीत तो कारंजा लावलाय तोही नको. तारीख हलली की त्याच दिवशी फोन, आणि तो अशा माणसाचा ज्याला कारण माहिती आहे. उपाशी ठेवलेल्या पेशंटला दर दोन तासांनी कोणीतरी येऊन काय चाललंय ते सांगणं. तो नऊ प्रश्नांचा कागद, पहिल्या दिवशी एकदा आणि तारीख हलली की परत एकदा. आणि ती कोऑर्डिनेटर मुलगी, तिचा पगार वाढवा, ती सोडून गेली तर तुमचं काही खरं नाही.

आणि जे थांबलेत त्यांना: फोन करणाऱ्यांसाठी एकच मेसेज बनवून ठेवा. मी बनवला होता, "तारीख पुढे गेली आहे, झालं की मीच कळवीन, तोपर्यंत दुसऱ्या विषयावर गप्पा मारायला जरूर फोन करा." ग्रुपवर टाकला. दोघी तिघींना राग आला. ताई मात्र फोन करून पाऊण तास फक्त कैरीच्या लोणच्यावर बोलली, जानेवारीत! त्या रात्री मी पाचपर्यंत झोपले.

मागच्या आठवड्यात डाव्या गुडघ्यासाठी जाऊन आले. डॉक्टर एक्सरे बघून तेच, "आप जब बोलो." मी म्हटलं, नहीं डॉक्टर साब, इस बार आप बोलो. हसले ते. मग कोऑर्डिनेटर मुलीकडे गेले, ती म्हणाली अगस्त में देखते हैं. मी म्हटलं बेटा, देखते हैं नको, तारीख लिही, आणि खाली तारीख हलली तर फोन कोण करणार त्याचं नाव लिही. तिने तिचंच नाव लिहिलं, नंबर लिहिला, आणि न सांगता सही पण केली. तो कागद फ्रिजवर लावलाय.

पिशवी माळ्यावर आहे. ऑगस्टात, आदल्या दिवशी हिचा फोन आला की मगच यांना काढायला सांगणार.